पाळी, पाणी आणि जलतरणपटू

मासिक पाळीत पोहल्याने रक्तस्राव आतल्या आत अडतो, गर्भाशयात पाणी शिरते आणि पुढे मूल होण्यास अडचण येते, हा समज सोलापुरातच नव्हे तर राज्यभर इतक्या ठामपणे सांगितला जातो की महाविद्यालयीन जलतरणपटूच्या सरावात दरमहा चार-पाच दिवसांचा खंड पडणे घरच्यांना स्वाभाविकच वाटते. या समजाला शरीरशास्त्राचा कसलाही आधार नाही. गर्भाशयमुख, म्हणजे गर्भाशयाचे योनीकडील टोक, अतिशय अरुंद असते आणि पोहताना पाणी तेथून वर चढत नाही. पाण्याच्या दाबामुळे स्राव तेवढ्यापुरता कमी बाहेर येतो, एवढ्यावरून ‘पाळी अडली’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तलावाबाहेर आल्यावर स्राव पूर्ववत होतो याकडे कोणी लक्षच देत नाही. पॅड पाणी शोषून निरुपयोगी होतो ही अडचण खरी असली तरी ती साधनाची आहे, शरीराची नव्हे, आणि योनीत बसवायच्या मेन्स्ट्रुअल कपने किंवा टॅम्पॉनने ती सुटते.

व्यायामाने पोटदुखी वाढते, हेही असेच गृहीत धरले जाते. वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये याउलट नोंदवले: आठवड्यातून किमान तीनदा 45 ते 60 मिनिटे व्यायाम केल्यास पाळीतील वेदना लक्षणीय घटू शकतात, मात्र उपलब्ध पुरावा अजून भक्कम नाही. विश्रांती घ्यावी की पोहावे, हे त्या दिवशी खेळाडूने स्वतः ठरवावे. तिच्या वतीने इतरांनी बंदी घालण्याचे काहीच कारण नाही. चीनच्या फू युआनहुई हिने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीनंतर आदल्या रात्री पाळी सुरू झाल्याचे कॅमेऱ्यासमोर सांगितले, तेव्हा जगभर झालेली चर्चा हा विषय किती दडवला गेला होता याची साक्ष होती.

महिला जलतरणपटूंविषयीचे समज पाळीपुरतेच नाहीत. लांब अंतर स्त्रियांना झेपत नाही, असे मानणाऱ्यांना जलतरणपटू गर्ट्रूड एडर्ली माहीत नसावी. 1926 मध्ये इंग्लिश खाडी पोहताना तिने तोवरच्या पुरुषांच्या विक्रमाहून सुमारे दोन तास कमी घेतले, तरीही ऑलिंपिकमध्ये महिलांची 1500 मीटर शर्यत ‘टोकियो 2020’ पर्यंत नव्हती. मातृत्वाने कारकीर्द संपते, हा समज सोलापूरच्या डायव्हर ऋतिका श्रीराम यांनी आई झाल्यानंतर 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून खोटा ठरवला. निवड झाली की खर्चाची चिंता मिटते, असे म्हणणाऱ्यांनी अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांना आठवावे: 2017 मध्ये बर्लिनमधील स्पर्धेच्या वेळी मंजूर निधी वेळेत न पोहोचल्याने त्यांना उसने पैसे घ्यावे लागले, ही बाब त्यांनी जाहीरपणे मांडली आणि त्याच वर्षी मेक्सिकोत जागतिक सुवर्णपदक पटकावले.

सर्वांत घातक समज मात्र खेळाच्या वर्तुळातलाच आहे, तो म्हणजे पाळी बंद होणे हे कसून केलेल्या सरावाचे लक्षण होय. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेचा समावेश ऊर्जेच्या सापेक्ष कमतरतेच्या लक्षणांत केला. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेइतका आहार न मिळाल्याने संप्रेरके, म्हणजे शरीरातील क्रिया नियंत्रित करणारी रसायने, घटतात आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. सलग तीन महिने पाळी न आल्यास आधी डॉक्टरांकडे जावे, मग तलावाकडे.