सायकल कोणासाठी?

मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हणाला, "सर, बाबांच्या वर्षश्राद्धाला मला त्यांच्या सायकलवरून लांब जायचंय. आई नको म्हणते." मी "बघू" म्हणालो. आपण शिक्षक अशा वेळी हेच म्हणतो! घरी येऊन मात्र वाचत बसलो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बिली स्टारची आई १९७४ साली मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८० मध्ये त्याने मित्रमंडळी जमवली आणि ३६ जण स्प्रिंगफिल्डहून समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाऊनपर्यंत सायकलने गेले. अंतर सुमारे ३५० किलोमीटर. त्यातून १०,२०० डॉलर जमले. ही 'पॅन-मास चॅलेंज' फेरी आजही दर ऑगस्टमध्ये निघते, हजारो लोक येतात आणि बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला आजवर तिने १ अब्ज डॉलरहून जास्त निधी दिलाय. प्रत्येक स्वार ठरावीक रक्कम जमवायचं कबूल करतो. ती ओळखीपाळखीच्या लोकांकडून गोळा करतो.

आता कोणी विचारेल, पैसे घरबसल्याही देता येतात, मग सायकल कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. पण देणगी मागायला गेलं की समोरचा विचारतो, "कोणासाठी चालवतोयस?" मग नाव घ्यावं लागतं. घरातलं माणूस गेलं की आजूबाजूचे त्याचं नाव टाळतात. मुलाला वाईट वाटेल म्हणून वर्गातही कोणी बाबांचा विषय काढत नाही. इथे नाव घ्यायला निमित्त मिळतं. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात, वसईतली ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, तिथेही नाव घेतलं जातंच. आणि आठवणीतून मोठं काम उभं राहणं आपल्यालाही नवीन नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्यानंतर दोराबजी टाटांनी रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी त्यांच्या नावाने विश्वस्त निधी उभारला. परळचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, तेही दोराबजींच्याच ट्रस्टने उभारलं.

राहिला आईचा नकार. तो मला पूर्ण पटतो. वर्षभरापूर्वी नवरा गेलेल्या बाईला मुलगा अहमदाबाद हायवेवर ट्रकांच्या मध्ये दिसत असेल, तर ती "हो" कशी म्हणेल? म्हणून हायवे रद्द. वसई किल्ला, पापडी, निर्मळ, आगाशी, अर्नाळा आणि त्याच वाटेने परत. रस्ता सपाट आहे, चाळीसेक किलोमीटर भरेल. नववीतल्या मुलाला हे लांबच आहे. आधी महिनाभर दर रविवारी थोडं थोडं वाढवायचं, पहाटे उजाडल्यावरच निघायचं, हेल्मेट सक्तीचं, मागेपुढे एकेक मोठं माणूस. पाऊस असेल तर दिवस पुढे ढकलायचा.

जमलेल्या पैशांतून वर्गाच्या पेटीसाठी पुस्तकं घ्यायची, आत बाबांचं नाव लिहायचं, असं मुलानेच सुचवलं. मी आईंना भेटून हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी मागून रिक्षाने येणार. चालेल?"

मुलाने वहीत देणगीदारांची यादी केलीय. पहिलं नाव आईचं, किलोमीटरला दोन रुपये. दुसरं माझं. सायकलचा मागचा ब्रेक तेवढा लागत नाही, तो शनिवारी दुरुस्त करून घ्यायचाय.