खोपा टांगणारा, पान शिवणारी

पावसाळ्यात हर्सूल तलावाकडे निघालात, तर दुर्बीण सोबत घ्या. पाण्यावर झुकलेल्या बाभळींवर सुगरण शोधा आणि घरी आल्यावर अंगणातल्या रुंद पानांच्या झुडपात शिंपी. दोघंही गाणाऱ्या पक्ष्यांतले, पण कुळं वेगळी आणि घरं बांधायच्या तऱ्हा तर पार उलट!

कारागीर कोण?
सुगरण पक्ष्यात खोपा विणतो तो पिवळ्या टोपीचा नर. शिंप्यांकडे पानं शिवायचं काम मुख्यतः मादीचं.

माल कुठला?
सुगरण नर गवताच्या पात्याला कडेने चोचीची खाच पाडतो, टोक धरतो आणि उडतो. लांब पट्टी सोलून हातात, म्हणजे चोचीत! एका खोप्यासाठी अशा सुमारे 500 फेऱ्या. शिंपीण कोळ्याचं जाळं, कापूस आणि झाडांचे तंतू गोळा करते.

गाठीशिवाय टाका
शिंपीण पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून धागा ओवते. बाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं आणि धागा तिथेच अडकतो. पान मात्र झाडालाच असतं, हिरवंगार. त्यामुळे आतलं घरटं कुणाच्या नजरेस पडत नाही.

आधी घर दाखवा!
सुगरण नर खोपा अर्धाच विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडला, तरच तो बोगद्यासारखं दार जोडून काम पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो. ही भानगड पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला उलगडली. अंडी उबवणं? ते मादीवर सोडून साहेब मोकळे! शिंप्यांचं तसं नाही. पिल्लांना नर-मादी दोघं मिळून भरवतात.

पत्ता
सुगरणींची वसाहत उघड्यावर लटकते. भिस्त काट्यांवर आणि खालच्या पाण्यावर. शिंप्यांचा संसार एकटा, लपलेला, बरेचदा माणसाच्या हाताला लागेल इतका खाली.

आकार आणि आवाज
शिंपी जेमतेम 13 सेंटिमीटरचा, पण ‘टुविट-टुविट’ एवढं खणखणीत की आधी मोठा पक्षीच शोधला जातो. सुगरणींचा मात्र सगळ्यांनी मिळून चिवचिवाट.

ताटात काय?
शिंप्याला किडे, सुगरणीला दाणे. पिल्लांना मात्र सुगरणही किडे भरवते.

जुना माल, नवा भाडेकरू
शिवलेलं पान वाळून गळतं. सुगरणीचे रिकामे खोपे मात्र टिकतात आणि पांढऱ्या कंठाची मनोली त्यात आयती अंडी घालते. भाडं शून्य!