पेरीविंकल म्हणजे आपली सदाफुली?

'पेरीविंकल' हा इंग्रजी शब्द मोठा फसवा आहे. इंग्लंडातल्या मासळीबाजारात विचाराल तर कोळी शंखातली समुद्री गोगलगाय पुढे करील. तिथलाच माळी जमिनीलगत पसरणारी निळ्या फुलांची वेल दाखवील आणि कापडवाला निळसर जांभळ्या रंगाचे ठाण उलगडील. नागपुरात वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना विचारले, तर ते सांदवाडीतल्या सदाफुलीकडे बोट दाखवतील. चौघेही बरोबर!

गोगलगाय लवकर आटोपू. ती उकडून टाचणीने शंखातून ओढून खातात. कोकणातल्या वाचकांना तिसऱ्या-कालवांची आठवण होईल. सावजी रश्शावर वाढलेल्या आम्हा वैदर्भीयांना तिचे विशेष कौतुक नाही. तिच्या नावाचे फुलाशी नातेही नाही. फुलाचे नाव लॅटिन 'पर्विंका'वरून आले, गोगलगायीचे दुसऱ्याच एका जुन्या इंग्रजी शब्दावरून. वापरात दोन्ही एकसारखी झाली, इतकेच. रंगाचे नाव मात्र त्या युरोपी वेलीच्या फुलाचे, आपल्या अबोली-गुलबक्षीसारखे. म्हणून 'पेरीविंकल रंगाची साडी' असे वाचून कुणी 'सदाफुली रंगाची' असे भाषांतर केले, तर ती नेसणारी चिडेल. आपली सदाफुली गुलाबी, नाहीतर पांढरी.

मग सदाफुलीला हे नाव का चिकटले? फुलाच्या ठेवणीमुळे. स्वीडनच्या लिनिअसने १७५९ मध्ये तिला त्या युरोपी वेलीच्या 'विंका' गोत्रात बसवले. १८३७ मध्ये जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'कॅथरँथस' हे वेगळे गोत्र दिले. ग्रीक भाषेत याचा अर्थ शुद्ध फूल. गोत्र बदलले, पण बोलीतले नाव राहिले.

ती मूळची मादागास्करची. म्हणजे चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असणे शक्य नाही, 'प्राचीन आयुर्वेदिक वनस्पती' असे कोणी कितीही छापो. पण इथे आली आणि इथलीच झाली. हिंदीत सदाबहार, बंगालीत नयनतारा, तमिळमध्ये नित्यकल्याणी. केरळात मात्र शवंनारी, कारण ती स्मशानभूमीत वाढते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेला आणि कुंड्यांतली बाकीची मंडळी माना टाकून बसली, की हीच एकटी हसतमुख असते. बकरीही तिला सहसा तोंड लावत नाही. याचे कारण पुढे येईलच.

जमैकात या पाल्याचा काढा मधुमेहावर पीत. १९५२ मध्ये तिथल्या एका रुग्णाने कॅनडातले डॉ. क्लार्क नोबल यांना पाकिटातून २५ पाने पाठवली. हे नोबल म्हणजे १९२१ मध्ये बँटिंग यांच्या इन्शुलिनच्या प्रयोगांत मदतनीस कोण, यासाठी नाणे उडवले गेले तेव्हा हरलेले विद्यार्थी. जिंकले ते चार्ल्स बेस्ट. नोबल यांनी पाने आपले भाऊ रॉबर्ट यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांना दिला. साखर काही फारशी उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणे हा तर रक्ताच्या कर्करोगाचा गुण! १९५८ मध्ये 'विनब्लास्टिन' हाती आले आणि अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेतून 'विनक्रिस्टिन'. दोन्ही नावांतला 'विन' हा त्या जुन्या 'विंका' गोत्राचाच. विनक्रिस्टिनच्या जेमतेम एका ग्रॅमसाठी काही शे किलो वाळका पाला लागतो.

मुलांमधला रक्ताचा कर्करोग पूर्वी जवळजवळ मृत्यूचे दुसरे नाव होता. आज चांगल्या केंद्रांत १० पैकी ८-९ मुले बरी होतात. त्या उपचारात इतर अनेक औषधांबरोबर विनक्रिस्टिन असते. नागपुरात तुकडोजी रुग्णालयात किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये लेकरू घेऊन आलेल्या आईबापांनी हे नाव ऐकलेले असते. ते मिलिग्रॅममध्ये मोजून, सलाइनवाटे शिरेतच द्यावे लागते. मात्रेत जरा चूक झाली तर हातापायांच्या नसा बधिर होतात.

हे सारे सांगायचे कारण एवढेच, की आपल्याकडे सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार पाने किंवा फुले चावून खाणारे मधुमेही पुष्कळ आहेत. 'कॅन्सरवर चालते, मग शुगरवर का नाही चालणार?' असे वर ऐकवतात. पण पानात किती द्रव्य आहे हे पानावर छापलेले नसते. जमीन, ऋतू, झाडाचे वय, सगळ्यांनी ते बदलते. गुणकारी द्रव्य आणि विषारी द्रव्य इथे एकच आहे; बकरीला ते कळले आहे. शिवाय मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना वरून हा पाला पोटात गेला आणि साखर एकाएकी उतरली, तर दवाखान्यात डॉक्टर गोळ्यांची मात्रा तपासत बसतील; पानांचा विचार त्यांच्या मनातही येणार नाही. घरात कुणी पाने चावत असेल तर आधी ती थांबवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. त्यांना 'सदाफुली' कळली नाही, तर 'विंका' म्हणा.