मिठाचे दोन डबे



आपण पाठवलेल्या देणगीतून आपल्या वसतिगृहांचा तीन महिन्यांचा शिधा भरला जातो. ती खरेदी करायला मी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या गूळ-भुसार विभागात जाते. तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ, हळद, मिरची अशी यादी लांबलचक असते आणि शेवटच्या ओळीत असते मीठ. सर्वांत स्वस्त वस्तू म्हणून ते यादीत शेवटी येते. पण मीठ मागितले की गाळ्यावरचे भाऊ दर वेळी एक प्रश्न विचारतात, “खायचं, का वापरायचं?”

हा प्रश्न फार मोलाचा आहे. घरात मिठाचे उपयोग पुष्कळ आहेत. मात्र सगळ्या कामांना एकच मीठ चालत नाही, आणि काही कामांना कुठलेच मीठ चालत नाही. पावसाळा तोंडावर आला आहे. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या डोंगरपट्ट्यातल्या आपल्या गावांसाठी हे दिवस कष्टाचे आणि आजारपणाचे असतात. म्हणून या अंकात मिठाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

खायचे मीठ

खाण्यासाठी फक्त आयोडीनयुक्त मीठ घ्यावे. आपल्या गळ्याशी थायरॉईड नावाची ग्रंथी असते, तिला काम करायला आयोडीन लागते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरते, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतके. तेवढेही मिळाले नाही तर गलगंड होतो. गरोदर बाईच्या शरीरात आयोडीन कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती पुढे भरून काढता येत नाही.

डोंगराळ भागात ही काळजी जास्त घ्यावी लागते. वर्षानुवर्षांचा धो धो पाऊस मातीतले आयोडीन धुऊन नेतो. मातीत नाही म्हणून पिकात नाही, आणि पिकात नाही म्हणून ताटात नाही. उपाय सोपा निघाला : मीठ सगळेच खातात, तर आयोडीन मिठातूनच द्यावे. भारत सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशभर बंदी आहे. पुडीवर हसऱ्या सूर्याचे चित्र किंवा ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द पाहून घ्यावा. लोणच्यासाठी खडे मीठ हवे असेल तर आयोडीनयुक्त खडे मीठही मिळते.

योग्य मीठ घरी आणले तरी ते नीट ठेवले नाही तर आयोडीन उडून जाते. ओल, ऊन आणि उष्णता हे त्याचे तीन शत्रू. म्हणून चार गोष्टी सांभाळाव्यात :

• मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बरणीत ठेवावे. चुलीशेजारी उघड्या वाटीत ठेवू नये.

• ओला हात किंवा ओला चमचा डब्यात घालू नये.

• खडे मीठ मळकट दिसते म्हणून काही घरांत ते धुऊन वापरतात. धुतले की आयोडीनही वाहून जाते.

• भाजी-आमटीत मीठ शेवटी, उतरवण्याच्या सुमारास घालावे.

प्रमाणाचेही एक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्याच्या आत. मुलांना त्याहूनही कमी लागते. ८० मुलांच्या वसतिगृहात रोजचे मीठ ४०० ग्रॅमच्या आत, म्हणजे महिन्याला १२ किलोच्या आत राहिले पाहिजे. हा हिशोब मी स्वयंपाकघरातल्या मावशींना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, मग पापड-लोणच्यातलं पण धरायचं का?” हो, तेही धरायचे.

वापरायचे मीठ

आता दुसरा डबा. यात साधे, जाडे खडे मीठ भरावे आणि वर मोठ्या अक्षरांत ‘वापरायचे’ असे लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी झाकणाला लाल चिंधी बांधावी. या डब्यातले मीठ स्वयंपाकात घालायचे नाही. बाकी घरात त्याची कामे बरीच आहेत.

*भांडी.* तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासावे. आंबटपणाने काळपट थर सुटतो आणि मिठाचे खडे तो खरवडून काढतात. अरुंद तोंडाच्या बाटलीत हात जात नाही. तिच्यात मूठभर खडे मीठ आणि थोडे पाणी घालून जोराने हलवावे, तळाचा बुळबुळीतपणा निघतो. अॅल्युमिनिअमच्या पातेल्यात मात्र मिठाचे पाणी रात्रभर ठेवू नये, त्याला बारीक खड्डे पडतात. लोखंडी तवा-कढईलाही मीठ लागलेले राहू देऊ नये, गंज चढतो.

*रक्ताचे डाग.* हे खास मुलींच्या वसतिगृहासाठी. पाळीचे कापड किंवा डाग पडलेला कपडा थंड पाण्यात थोडे मीठ घालून अर्धा तास भिजवावा, मग साबणाने धुवावा. गरम पाणी वापरू नये, त्याने रक्त कापडात घट्ट बसते. आणि कापड कोपऱ्यात दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवू नये. कडक उन्हात, मोकळ्या हवेत वाळवावे. ओलसर राहिलेल्या कापडाने खाज आणि संसर्ग होतो. यात लाजण्यासारखे काही नाही, हे मुलींना आपणच सांगायला हवे.

*चिखल्या.* भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहून पायांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलतात, आग होते. संध्याकाळी बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ घालावे आणि दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून बसावे. नंतर प्रत्येक बेचकी कापडाने कोरडी करावी. कोरडे करणे हा यातला मुख्य भाग आहे. पाय चिघळला, पू झाला किंवा माणसाला मधुमेह असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा.

*भाताचे बियाणे.* कृषी खात्याचे लोक ही पद्धत शिकवतात आणि ती करायला खर्च जवळजवळ नाही. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात बियाणे ओतून ढवळावे आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. पोकळ, हलके, रोगट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकावेत. तळाशी बसलेले भरीव बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन २४ तास सावलीत वाळवावे आणि मग पेरावे. साध्या पाण्यापेक्षा मिठाचे पाणी जड असते, म्हणून साध्या पाण्यात बुडणारा अर्धवट भरलेला दाणाही यात वर येतो. उरलेले खारे पाणी खाचरात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये.

टिकवण्यासाठी मीठ

इथे पुन्हा पहिल्या डब्याकडे वळायचे, कारण हे पोटात जाणार आहे. मीठ पदार्थातले पाणी ओढून घेते. जे जंतू पदार्थ नासवतात त्यांनाही पाणी लागते. पाणी नाही म्हणजे त्यांची वाढ नाही. कैरीच्या फोडींना मीठ चोळून उन्हात खडखडीत वाळवल्या की आंबोशी होते. आवळ्याच्या फोडी अशाच मीठ लावून वाळवल्या की वर्षभर टिकतात. आपल्या गावांत हिरडा विकून चार पैसे येतात. त्याच्या जोडीला आंबोशी आणि आवळा घरात असला तर पावसाळ्यात भाजी नसलेल्या दिवशी कालवणाला आधार होतो. फ्लॉवर, कोबी किंवा पालेभाजी चिरण्याआधी पंधरा मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवली तर आतल्या अळ्या बाहेर येतात. नंतर साध्या पाण्याने धुऊन घ्यावी.

अर्ध्या चमच्याचे मोल

आता सर्वांत महत्त्वाचा उपयोग. एवढा लक्षात राहिला तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

जुलाब झालेले मूल जुलाबाने दगावत नाही, अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने दगावते. नुसते पाणी पाजून ते भरून येत नाही. आतड्याची रचना अशी आहे की साखर आणि मीठ एकत्र आले की दोन्ही आत शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. जुलाब चालू असतानाही आतड्याचे हे काम सुरू असते.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. पाजणारे बहुतेक रुग्णांचेच नातेवाईक होते. सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज अंगणवाडीत आणि आशाताईंकडे मिळणारी जलसंजीवनीची पुडी म्हणजे त्याच उपायाचे सुधारलेले रूप आहे.

पुडी घरात असेल तर तीच वापरावी. संपूर्ण पुडी १ लिटर पाण्यात एकदम घालावी, अर्धी-अर्धी करू नये. पुडी नसेल तर घरी असे करावे :

• उकळून गार केलेले पिण्याचे पाणी : १ लिटर

• साखर : सहा सपाट चहाचे चमचे

• खायचे मीठ : अर्धा सपाट चहाचा चमचा

मीठ चिमटीने किंवा मुठीने घालू नये. कमी पडले तर गुण येत नाही. जास्त झाले तर त्याहून वाईट, लहान मुलाला ते धोक्याचे ठरते. पाजण्याआधी स्वतः चव घ्यावी. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते पाणी ओतून टाकून नवे करावे. केलेले पाणी २४ तासांत संपवावे.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, वाटी-चमच्याने घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये, जेवणही तोडू नये. किंचित मीठ घातलेली भाताची पेज चांगली. आशाताईंकडून जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, काहीच पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर घोट घोट पाजत राहावे.

इथे मीठ नको

कोणी कीटकनाशक किंवा विषारी काही प्यायले तर उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजतात. हे कधीही करू नये. उलटी फुप्फुसात जाऊ शकते, आणि इतके मीठ स्वतःच जीवघेणे ठरू शकते. साप चावलेल्या जागी मीठ चोळू नये. चावलेला अवयव हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. ताज्या जखमेवर, भाजलेल्या जागी आणि बाळाच्या नाळेवरही मीठ लावू नये. घसा दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करायला हरकत नाही, पण ज्या लहान मुलाला गुळणी थुंकता येत नाही त्याला ते देऊ नये.

आपल्याला एक विनंती

गावोगावच्या कार्यकर्त्या ताई-दादांनी या महिन्याच्या बैठकीत दोन डबे समोर ठेवून ही माहिती सांगावी. १ लिटरची एक बाटली आणि चहाचा एक चमचा सोबत न्यावा, म्हणजे सगळ्यांचे माप सारखे होईल. प्रत्येक आईकडून एकदा तिच्याच हाताने साखर-मिठाचे पाणी करवून घ्यावे. नुसते ऐकलेले विसरते, हाताने केलेले सहसा विसरत नाही. ज्या हितचिंतकांना वस्तुरूपाने मदत करायची आहे त्यांनी मीठ देताना पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असल्याची खात्री करावी, आणि जमल्यास सोबत झाकणाचे चार डबे व डझनभर चमचे पाठवावेत. या पावसाळ्यात प्रत्येक पाड्यावर निदान एका घरात तरी हा डबा आणि हा चमचा हाताशी असावा, एवढीच इच्छा.

आपली एक सेविका