हातातली चावडी

कोणी चारचौघांत अन्याय केला, तर त्याला चारचौघांतच जाब विचारावा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यासाठी गावात चावडी होती, पार होता. आता ती चावडी प्रत्येकाच्या हातात आली आहे. जातीवरून केलेला अपमान, बायकांची अवहेलना, अपंगांची थट्टा यांविरुद्ध तरुण मुले-मुली मोबाईल फोनवर बोलतात, आणि नाव घेऊन बोलतात. जाब विचारण्याची ही नवी रीत आता फोनच्या बाहेर पडून शाळेच्या पटांगणात, लग्नाच्या मांडवात आणि घरच्या ओसरीवरही येऊन उभी राहते. माझ्यापुढे ती कशी उभी राहिली, ते आज सांगणार आहे. माझ्यासारख्या पुष्कळ गुरुजींना त्याचा उपयोग होईल असे वाटते.

मी प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. मुलींनी शिकावे यावर मी वीसेक मिनिटे बोललो. बोलता बोलता आळशी मुलांना उद्देशून एक म्हण सांगितली. त्या म्हणीत एका जातीचे नाव येते. ती म्हण येथे पुन्हा सांगत नाही. आपल्याकडे तशा म्हणींना तोटा नाही. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता तालुक्याच्या कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "गुरुजी, ही म्हण वापरू नका. तिच्यात आमच्या लोकांचा अपमान आहे."

मी हसलो. म्हणालो, "अगं, म्हण आहे ती. म्हणीला कसली आलीय जात?" सगळा मांडव हसला. पोर मात्र खाली बसली नाही. तशीच उभी राहिली.

एका मुलाने हे फोनवर टिपून घेतले होते. रात्री तो तुकडा गावच्या ग्रूपवर आला आणि सकाळपर्यंत गावाबाहेर गेला. अर्ध्या मिनिटाच्या त्या तुकड्यात ती म्हण होती, तिचे बोलणे होते आणि माझे हसणे होते. आधीची वीस मिनिटे त्यात नव्हती. दोन दिवसांत ओळखदेख नसलेल्या माणसांनी मला जातीयवादी ठरवले. याचे पेन्शन बंद करा, असे कोणी लिहिले. शहरातल्या माझ्या मुलाला त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी विचारले, "हे तुझे वडील का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मनाशी म्हणत होतो, चौतीस वर्षे शिकवले, त्याची किंमत अर्धे मिनिट?

पण याहून वाईट पुढेच होते. माझी बाजू घेणारेही जागे झाले. त्यांनी त्या मुलीला तिच्या जातीवरून शिव्या दिल्या. तिचे फोटो फिरवले. आणि गावातल्या दोघातिघांनी दूध डेअरीवर बोलून दाखवले, की हिच्या बापाला आता कोणी कामाला बोलावू नका. त्याचा शेतमजुरीवर संसार आहे.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन आमच्या घरी आली. ओसरीवर बसली. म्हणाली, "गुरुजी, व्हिडिओ मी टाकला नाही. पण बोलले ते मागे घेणार नाही."

मी म्हणालो, "घरी येऊन सांगितलं असतंस तर?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ही म्हण तुम्ही आम्हाला चौथीत शिकवलीत. फळ्यावर लिहून वाक्यात उपयोग करा म्हणालात. मी केला. तुम्ही बरोबरची खूण केलीत. घरी बाबांना मोठ्या हौसेनं वही दाखवली. ते काही बोलले नाहीत. नुसती वही मिटून ठेवली. मला ते सातवीत कळलं. तेव्हा घरी येऊन तुम्हाला कोण सांगणार होतं, गुरुजी?"

श्रोतेहो, यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

मग ती म्हणाली, "तुम्हाला शिव्या देणारे माझे कोणी नाहीत. थांबा म्हणून मी त्यांना लिहिलं, तर ते मलाच भित्री म्हणाले. पण बाबांचं काम बंद करा म्हणणारे तुमचं नाव घेतात. त्यांना तरी तुम्ही थांबवा."

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर गेलो. ज्यांच्यासमोर मी हसलो होतो, त्यांतले बरेच जण तेथे होते. मी सांगितले, की माझी चूक झाली. म्हण चुकीची होती आणि हसणे त्याहून चुकीचे होते. आणि दुसरे सांगितले, की माझे नाव घेऊन या कुटुंबाचे काम कोणी बंद केले, तर तिच्या बापाबरोबर पोलीस ठाण्यात मी स्वतः जाईन. काम बंद झाले नाही. गावात सगळे गोड झाले असे मात्र नाही. दोन घरे माझ्याशी अजून बोलत नाहीत.

ही झाली हकीकत. आता तिचा अर्थ पाहू.

पहिली गोष्ट, या मुलांचे गाऱ्हाणे बहुधा जुने असते आणि खरे असते. नवा असतो तो फक्त फोन. आपल्याला वाटते, एका शब्दाने काय बिघडते? पण शब्दाने बिघडत नसते, तर महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला नसता. पत्त्यावरच जात लिहिलेली असली, की पोराची ओळख तोंड उघडण्याआधीच ठरून जाते. त्या नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे ठरले.

दुसरी गोष्ट, मोठ्याने बोलणे हे नेहमीच उतावळेपण नसते. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले. पण ठराव कागदावर राहिला. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्या दिवशीच सत्याग्रहींना मारहाण झाली. पुढे मामला कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. घरी येऊन सांगितले असते तर, हा माझा प्रश्न महाडला कोणी विचारला असता, तर तो किती पोकळ ठरला असता!

स्त्रियांच्या बाबतीतही तेच. राजस्थानात भंवरीदेवी या बाई सरकारी योजनेत साथीन म्हणून गावात काम करीत. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत. त्या प्रकरणातून स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली विशाखा निकाल लागला. त्यानंतर २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी, असे तो सांगतो. शाळाही त्यात आल्या. तरीही २०१८ साली 'मी टू' या हाकेने देशातल्या अनेक स्त्रिया फोनवरून बोलल्या, कारण समिती कागदावर असली तरी तक्रार ऐकणारा कान सगळीकडे नव्हता. ही हाक अमेरिकेत तराना बर्क या कार्यकर्तीने २००६ सालीच दिली होती. ती जगभर पोचायला २०१७ साल लागले.

मग हातातल्या चावडीत खोट कोठे आहे? ती अशी.

गावच्या चावडीवर बसणारा माणूस दोन्ही बाजूंना ओळखत असतो. हातातल्या चावडीवरचा ओळखत नाही. त्याला अर्ध्या मिनिटाचा तुकडा दिसतो. शिवाय ती चावडी ज्या कंपन्यांची आहे, त्यांना जाहिरातींवर पैसा मिळतो. माणूस पडद्यासमोर जितका जास्त बसेल, तितका त्यांचा फायदा. आणि रागावलेला माणूस लवकर उठत नाही. म्हणून शांतपणे सांगितलेली गोष्ट मागे राहते आणि संतापाची गोष्ट पुढे सरकते.

अर्धवट गोष्ट किती महाग पडते, हे आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भटक्या जमातीचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा फोनवरून पसरलेली होती. मारणाऱ्यांना आपण अन्याय करतो आहोत असे वाटत नव्हते; आपण मुलांना वाचवतो आहोत, असेच वाटत होते. जमावाला नेहमी तसेच वाटते.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे या चावडीवर निकालाला शेवट नाही. चूक कबूल केली, भरपाई केली, आता पुढे चला, असे म्हणणारा तेथे कोणी नसतो. अशा बेमुदत शिक्षेला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे: वाळीत टाकणे. जातपंचायती आणि गावक्या हेच करीत आल्या. ते शस्त्र सर्वांत जास्त कोणावर चालले? तर जो दुबळा, जो जातीबाहेर लग्न करतो, जो रूढी मोडतो, त्याच्यावर. म्हणूनच महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. कोणाला वाळीत टाकणे हा आता तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल असा गुन्हा आहे. आमच्या डेअरीवरचे बोलणे याच वाटेने निघाले होते. ज्या शस्त्राने आपल्या आज्यापणज्यांना घायाळ केले, ते न्यायाच्या नावाने पुन्हा उचलू नये, एवढे मी तरुणांना सांगेन.

आणि हीच चावडी चांगले कामही करते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. ठराव गावच्या चावडीवर, समोरासमोर झाला. पण त्याची बातमी वर्तमानपत्रांनी आणि फोनांनी गावोगाव नेली. इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा, असे शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून सांगितले. हेरवाडने एका माणसाला नाव ठेवले नाही. एक रूढी धरली आणि काय बंद करायचे ते नेमके सांगितले. महाडलाही तसेच होते. तेथे मागणी पाण्याची होती, आणि मागणी काय आहे, ती कशी पुरी होईल, हे लहान पोरालाही समजत होते.

तेव्हा तरुण श्रोत्यांनो, कोणाची चूक चारचौघांत मांडण्याआधी चार गोष्टी पाहा. आपण पुरी गोष्ट ऐकली आहे का? हा माणूस समोर बोलून ऐकण्यासारखा आहे, की सत्तेच्या आड बसलेला आहे? त्याने नेमके काय केले म्हणजे आपले समाधान होईल? आणि उलटा मार बसला, तर तो कोणाच्या घरावर बसेल? दार बंदच असेल, तर जरूर मोठ्याने बोला. पण काय हवे ते सांगा, आणि ते मिळाले की थांबा.

आणि माझ्या वयाच्या श्रोत्यांनो, गुरुजींनो, कोणी चूक दाखवली तर हसू नका. मी हसलो, तेथेच सगळे बिघडले. एवढेच म्हणा, "सांग बाळ, काय लागलं?" चूक चारचौघांत झाली असेल तर माफीही चारचौघांत मागा. ती थोडक्यात मागा, आणि तिच्यामागे 'पण' जोडू नका. आपली बाजू घेऊन कोणी त्या पोराला त्रास देऊ लागला, तर त्याला पहिल्यांदा आपणच अडवायचे असते, कारण तो आपले नाव घेत असतो.

त्यानंतर शाळेतल्या गुरुजींनी आणि मी मिळून वाचनालयातली म्हणींची पुस्तके काढली आणि ज्या म्हणी वर्गात शिकवायच्या नाहीत, त्यांवर खुणा केल्या. ती मुलगीही कॉलेजला सुटी होती म्हणून आली होती. खुणा मी समजलो होतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त झाल्या. आपल्या शाळेतही एक दुपार काढून हे काम करून पाहा. पोरांना बरोबर घ्या. कोणती म्हण कोणाला बोचते, ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळते.