पिवळा रंग किती वेळात उडतो? – आयोडीनची मोजणी आणि तिचा भरवसा



घरी येणाऱ्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे लिहिलेले असते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी आयोडीन पुरते. पण तेवढेही मिळाले नाही तर गलगंड होतो व मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसून आले. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

मुलांना आयोडीन पुरेसे मिळते की नाही, हे कसे ओळखावे? पोटात गेलेले बहुतेक आयोडीन लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून सर्वेक्षणात शाळकरी मुलांची लघवी तपासतात. त्यातील आयोडीन इतके अल्प असते की ते सरळ तोलता येत नाही. तेथे घड्याळ कामी येते.

सिरियमच्या पिवळ्या द्रावणात आर्सेनिकचे विशिष्ट द्रावण मिसळले की पिवळा रंग हळूहळू उडतो. त्यात आयोडाइड असेल तर ते उत्प्रेरकाचे काम करते आणि रंग लवकर उडतो. आयोडाइड जितके जास्त, तितका वेग जास्त. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या सँडेल व कोल्थॉफ यांनी ही पद्धत १९३४ मध्ये मांडली. वेगावरून प्रमाण काढणाऱ्या अशा पद्धतींना गतिकीय पद्धती म्हणतात.

मात्र वेग अनेक कारणांनी बदलतो. तापमान दहा अंशांनी वाढले तर बऱ्याच अभिक्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. आपल्या जोयड्यात डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत केवढा फरक असतो! लघवीतील क जीवनसत्त्व व थायोसायनेटही रंग घालवतात. टिंक्चर आयोडीनचा एखादा थेंब भांड्याला लागलेला असेल तरी तेच होते. लक्षात घ्या, अशा पदार्थांमुळे होणाऱ्या चुका एकाच बाजूला झुकतात: आयोडीन आहे त्याहून जास्त दिसते. म्हणजे मुलांमध्ये कमतरता असूनही कागदावर सारे ठीक दिसेल.

म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत हे नियम पाळतात:

१. नमुना आधी रसायनासह तापवून त्यातील अडथळा आणणारे पदार्थ नष्ट करतात.

२. सर्व परीक्षानळ्या एकाच ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवतात.

३. नळ्यांत सिरियम एकदम न घालता ठरावीक सेकंदांच्या अंतराने घालतात व त्याच क्रमाने, त्याच अंतराने रंग मोजतात. त्यामुळे प्रत्येक नळीला सारखाच वेळ मिळतो.

४. आयोडीनचे प्रमाण माहीत असलेली द्रावणे व आयोडीन नसलेले कोरे द्रावण प्रत्येक खेपेस सोबत तपासतात. कालची तुलना आज चालत नाही.

५. उत्तर आधीच ठाऊक असलेला एक नमुना सोबत लावतात. त्याचे उत्तर चुकले तर सगळी खेप पुन्हा करतात.

इतके करूनही एका मुलाच्या एका आकड्यावरून निदान करत नाहीत, कारण लघवीतील आयोडीन रोज बदलते. अनेक मुलांचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा पाहतात. शाळकरी मुलांत तो लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असेल तर आयोडीन पुरेसे मानतात.

आर्सेनिक विषारी असल्याने हा प्रयोग शाळेत करायचा नाही. पण वरच्या वर्गांना हायपो व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून करता येईल. चंचुपात्राखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. एकदा गार द्रावणाने करा, एकदा किंचित कोमट द्रावणाने. दोन्ही वेळा द्रावणांचे माप तेच ठेवा आणि प्रत्येक प्रयोग तीनदा करा. तिन्ही आकडे जवळजवळ आले तरच वहीत निष्कर्ष लिहा.

पालक व विश्वस्तांना एवढेच सांगणे आहे. पाण्याचा असो वा रक्ताचा, तपासणीचा अहवाल हाती आला की आकड्याबरोबर ‘ज्ञात नमुना सोबत तपासला होता का?’ हेही विचारावे.