वैशाखातील चीर

सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर-रतनवाडीच्या परिसरात वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आत वसलेल्या नगर शहराच्या वाट्याला, पर्जन्यछायेमुळे, जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील ही विषमता सरकारी दफ्तरांत आणि दुष्काळाच्या पाहण्यांत वारंवार नमूद झालेली आहे. परंतु पूर्वेकडील कोरड्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या सागवानी खांबांवर तिची जी नोंद होत राहते, ती वाचणारा सुतार मला पारनेर तालुक्यातील एका जुन्या माळवदी वाड्याची दुरुस्ती चालू असताना, ऐन वैशाखात, भेटला.

झाड तोडल्यावर खोडातील पाणी ओसरू लागते. आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत लाकडाच्या आकारमानात फरक पडत नाही, त्यानंतर मात्र पेशींच्या भिंतीच आकसू लागतात. आणि हे आकसणे सर्व दिशांनी समान नसते. सागवान पूर्ण सुकेपर्यंत गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के, वर्षवलयांच्या अनुरोधाने त्याच्या सुमारे दुप्पट, आणि लांबीत जवळजवळ नाहीच, इतके आकसते. त्यामुळे अखंड खोडातून, मध्यगाभा आत ठेवून घडवलेला खांब कालांतराने तडकावा आणि त्याची चीर बाहेरून गाभ्याच्या रोखाने जावी, हा लाकडाचा धर्मच होय. पुढे शंभर वर्षे लोटली तरी ती चीर वैशाखात रुंदावते, श्रावणात मिटत येते.

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी अर्धा दिवस केवळ पाहणीत घालवला. चिरेत बारीक तार सारून ते खोली अजमावीत; आत जुन्या चुन्याचा थर किंवा काळवंडलेली धूळ दिसली, तर चीर रंगसफेदीहून जुनी, आणि आतले लाकूड ताजे, पिवळसर दिसले, तर ती यंदाची, असा निवाडा करीत. तळखड्यावर उभ्या असलेल्या खांबाच्या उभ्या चिरा त्यांनी निर्धास्तपणे सोडून दिल्या, कारण खांबावरचा भार रेषांच्या दिशेनेच खाली उतरतो. परंतु माळवदाची माती पेलणाऱ्या एका तुळईच्या खालच्या अंगाला रेषा तोडून तिरकी गेलेली बोटभर चीर दिसताच त्यांनी काम थांबवून प्रथम टेकू द्यावयास लावला. तुळईचा खालचा भाग ताण सोसतो, आणि तेथील आडवी-तिरपी चीर हे मोडण्याचे पूर्वचिन्ह असते.

दर्शनी खांबाची रुंद चीर त्याच दिवशी लांबी भरून बुजवावी, अशी घरच्या काकूंची इच्छा होती. त्यावर मिस्त्री म्हणाले, "काकू, आत्ता ठासून भरली, तर पावसाळ्यात लाकूड जागा मागंल, ती कुठून द्यायची?" या एका प्रश्नात त्यांच्या कसबाचे सर्व शास्त्र आले होते. उन्हाळ्यात गच्च बसवलेली भर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला अडवते, कडेचे तंतू चेचले जातात, आणि पुढील वैशाखात चीर त्या भरीच्या शेजारी नव्याने उघडते. भुसा व सरस यांचा लगदा भरला असेल, तर तो खपलीसारखा गळून पडतो.

म्हणून त्यांनी आधी वाड्यातील मोडीत निघालेल्या जुन्या सागवानी फळीतून, रेषा खांबाच्या रेषांशी जुळतील अशी, लांब चिपाटी काढली, आतल्या बाजूस किंचित निमुळती होईतो रंध्याने सोलली, आणि ती चिरेत सैल बसते याची खातरजमा केली. सरस लावायचा तो चिपाटीच्या एकाच अंगाला, जेणेकरून ती एका काठाला धरून राहील आणि दुसरा काठ मोकळेपणाने हलेल. परंतु हे चिकटवण्याचे काम त्यांनी कार्तिकावर टाकले, कारण त्या वेळी लाकूड फार फुगलेले नसते व फार आकसलेलेही नसते. सरस ऊब व ओल मिळताच सुटतो, तेव्हा पुढील कारागिराला ही भर खांबाला इजा न करता काढता येईल, हाही हिशेब त्यात होता. केसाएवढ्या भेगांना मात्र राळ मिसळलेले मेण पुरले.

जुन्या बलुत्यात सुताराला सुगीच्या धान्याच्या मोबदल्यात वर्षभर गावाची अवजारे राखावी लागत. त्या व्यवस्थेतील जातीची जखडबंदी संपली हे इष्टच झाले. तथापि वैशाखात पाहिलेली चीर कार्तिकात पुन्हा पाहण्याची सवड तिच्यात आपोआप होती, आणि आजच्या एकरकमी ठेक्यात ती उरलेली नाही. ठेक्यात भरलेल्या चिरेची मजुरी मोजली जाते, विचारपूर्वक मोकळ्या सोडलेल्या चिरेची नाही. बऱ्याच मसलतीनंतर मालकांनी तजवीज केली ती अशी, की पाहणी, टेकू व चिपाट्या यांची मजुरी तत्काळ द्यावी, आणि उरलेली निम्मी रक्कम कार्तिकातील कामासाठी राखून ठेवावी. करारात मुदतीच्या रकान्यात त्यांनी दोन्ही महिन्यांची नावे लिहिली.